वयात येणाऱ्या मुलांचा मेंदू : पालकांनी काय समजावे, काय करावे

काल-परवापर्यंत शाळेची सगळी हकिगत सांगितल्याखेरीज ज्याच्या गळी घास उतरत नसे तो मुलगा एकाएकी दार लोटून बसू लागतो; वर्गात कोणालाही हार न जाणारी मुलगी मैत्रिणीच्या एका शब्दाने दोन दिवस जेवणावरची वासना गमावते; आणि ज्यांना सगळे समजते अशी आपली खात्री असते तीच मुले मित्रांच्या घोळक्यात शिरताच एका दुचाकीवर तिघे बसून निघतात. अशा वेळी ‘मूल बिघडले, की वयच असे आहे?’ हा प्रश्न पालकांना पडतो, आणि वाचकांच्या पत्रांतून तो पुनःपुन्हा आमच्यापुढे येतो. या दोन्ही पर्यायांत एक गैरसोय आहे. मूल बिघडले असे मानले तर आपण शिक्षेकडे वळतो, आणि वयच असे आहे असे म्हटले तर हात जोडून बसतो. वस्तुस्थिती अशी आहे की या वर्षांत मेंदूच्या अंतर्गत जोडण्यांची फेररचना चालू असते, आणि ती कोणत्या दिशेने व्हावी हे मूल रोज काय करते, किती झोपते, कोणाच्या संगतीत असते यांवर पुष्कळ अंशी अवलंबून असते. म्हणून या काळात पालकांच्या उपदेशापेक्षा त्यांनी केलेली परिस्थितीची व्यवस्था अधिक कामी येते. ही व्यवस्था कशी लावावी, एवढेच या लेखाचे प्रयोजन आहे.

मेंदूत काय घडते : निर्णयापुरती माहिती

मूल सहा वर्षांचे होईतो त्याच्या मेंदूचा आकार प्रौढाच्या सुमारे 90 टक्के झालेला असतो, आणि त्यामुळे पुढच्या वर्षांत मेंदूच्या रचनेत विशेष काही घडत नसावे अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. शिकागो येथील पीटर हुटेनलोकर यांनी 1979 साली मरणोत्तर तपासणीच्या आधारे दाखवून दिले की मेंदूच्या पुढच्या भागातील पेशींच्या जोडण्या बालपणी विपुल असतात आणि पौगंडावस्थेपर्यंत त्या पुष्कळ कमी होतात. पुढे 1999 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतील जे गीड व त्यांचे सहकारी यांनी त्याच त्या मुलांची ठरावीक वर्षांनी एमआरआय तपासणी केली. तीत अग्रभागातील करडे द्रव्य मुलींत सुमारे 11व्या व मुलांत सुमारे 12व्या वर्षापर्यंत वाढते आणि नंतर क्रमाने घटते, असे आढळले. पालकांच्या दृष्टीने यातून तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

- छाटणी. ज्या जोडण्या वारंवार वापरल्या जातात त्या बळावतात, ज्या पडून राहतात त्या नाहीशा होतात. नाशिककडचा बागायतदार द्राक्षवेल छाटतो तेव्हा कोणती काडी ठेवावी हे तो स्वतः ठरवतो. मेंदूच्या बाबतीत मात्र हा अधिकार बव्हंशी वापराकडे असतो. या वर्षांत मूल वाद्य वाजवील, धावेल, वाचील, तर्क लढवील, तर ते मार्ग दृढ होतात. केवळ पडद्यावर बोट सरकवीत बसेल, तर ती सवयही तितक्याच निष्ठेने दृढ होते.
- वेष्टन. चेतातंतूंवर मायलिन या स्निग्ध द्रव्याचे आवरण चढते आणि संदेश वहनाची गती अनेक पटींनी वाढते. हे काम सर्वसाधारणपणे मेंदूच्या मागच्या बाजूकडून पुढे सरकते. योजना आखणे, परिणाम तोलणे, उमाळा आवरणे ही कामे करणारा कपाळामागचा भाग सर्वांत शेवटी, म्हणजे विशीच्या मध्यापर्यंत, परिपक्व होत राहतो.
- गतींतील तफावत. यौवनारंभाची संप्रेरके सुरू झाली की भावना आणि आनंदप्राप्ती यांच्याशी निगडित असलेली मेंदूतील केंद्रे विशेष संवेदनशील होतात. संयमाची केंद्रे मात्र वय आणि अनुभव यांच्या संथ चालीने पुढे येतात. किशोरवयातील पुष्कळसे अडचणीचे वर्तन या दोन चालींमधल्या अंतरातून उद्भवते.

पंचविसाव्या वाढदिवशी मेंदूचे काम एकदम पुरे होते असे मात्र समजू नये. हा क्रम माणसागणिक कमी-अधिक असतो, आणि शिकण्याची क्षमता त्यानंतरही शाबूत राहते.

पहिली पायरी : निर्णय कोणत्या प्रकारचा, ते ओळखा

वेळ आहे, मन शांत आहे, माहिती समोर आहे, अशा स्थितीत सोळा वर्षांच्या सुमाराचे मूल बहुधा प्रौढाइतकाच नीट विचार करू शकते. तेच मूल मित्र भोवती असताना, उत्तेजित झालेले असताना किंवा अपमानाने पेटलेले असताना निराळे वागते. 2005 साली गार्डनर व स्टाइनबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी मोटार चालविण्याच्या एका खेळातून हे तपासले : 13 ते 16 वर्षांच्या मुलांनी मित्र जवळ असताना स्पष्टपणे अधिक धोका पत्करला, 24 वर्षांपुढच्यांच्या वर्तनात मात्र मित्रांच्या हजेरीने फरक पडला नाही. म्हणून ‘मुलाला किती मुभा द्यावी’ असा सरसकट प्रश्न विचारण्याऐवजी, हा निर्णय शांत आहे की तप्त, असे आधी विचारावे.

मुलांच्या हाती क्रमाक्रमाने सोपवावेत असे निर्णय :
- अभ्यासाचे वेळापत्रक, कपडे, केस, आपल्या खोलीची किंवा कपाटाची मांडणी;
- महिन्याचा हातखर्च व त्याचा हिशेब;
- दहावीनंतरची शाखा. आपली मते जरूर मांडावीत, माहिती मिळवून द्यावी, परंतु शेवटचा शब्द मुलाचा असावा.

दोघांनी मिळून ठरवावेत असे निर्णय :
- फोनचा वापर, समाजमाध्यमांवरील खाते, तेथे कोणाशी ओळख ठेवावी;
- सहली, मुक्काम, घरी परतण्याची वेळ.

आपल्याच हाती राहू द्यावेत असे निर्णय :
- वाहन चालविणे;
- पावसाळ्यात धबधब्यावर, धरणाच्या सांडव्यावर किंवा अनोळखी पाण्यात मित्रांबरोबर उतरणे;
- मद्य, तंबाखू व इतर नशा.

तप्त प्रसंगांची तजवीज शांत वेळी करून ठेवावी. ‘मित्रांनी आग्रह केला तर काय म्हणशील?’ याचे उत्तर घरी बसून आधीच ठरलेले असले, तर ऐन वेळी नवा विचार करावा लागत नाही. आणि नकाराची सबब म्हणून घरच्यांचे नाव पुढे करण्याची मुभा मुलाला खुशाल द्यावी. त्याचबरोबर असेही वचन द्यावे की रात्री कोणत्याही वेळी, कोठूनही ‘न्यायला या’ म्हणून फोन आला, तर त्या रात्री एकही प्रश्न न विचारता आपण जाऊ, आणि बोलणे दुसऱ्या दिवशी करू. हे वचन एकदा जरी मोडले तरी पुढचा फोन येत नाही.

दुसरी पायरी : रोजची व्यवस्था

1. झोप. यौवनारंभानंतर झोप आणणारे मेलाटोनिन हे संप्रेरक रात्री एक ते दोन तास उशिरा स्रवू लागते. मुलाला दहा वाजता झोप येत नाही यात सगळा दोष त्याच्या आळसाचा नसतो. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना 8 ते 10 तास झोप लागते. सकाळी सातची शाळा आणि तिच्याआधीची शिकवणी असेल तर हा हिशेब जमणे अशक्य होते. 2024 साली महाराष्ट्र शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नवाच्या आधी भरवू नयेत असे परिपत्रक काढले, परंतु ज्यांना या सवलतीची खरी निकड आहे ती मोठी मुले तिच्याबाहेर राहिली. शाळेची वेळ आपल्या हाती नसली तरी पहाटेची शिकवणी आपल्या हाती असते. ती शक्यतो संध्याकाळकडे न्यावी. झोपेच्या तासभर आधी घरातील सर्वांचे फोन, आपलेसुद्धा, एका ठिकाणी ठेवावेत. सुटीच्या दिवशी तास-दीड तास जास्त झोपू द्यावे. दुपारपर्यंत झोपण्याने सोमवारची सकाळ अधिक अवघड होते.

2. अन्न व लोह. मेंदूच्या रासायनिक कार्याला आणि मायलिनच्या निर्मितीला लोह आवश्यक असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत 15 ते 19 वयोगटातील 59 टक्के मुली व 31 टक्के मुलगे रक्तक्षयाने ग्रस्त आढळले. मन लागत नाही, चिडचिड होते, दम लागतो अशी तक्रार असेल, तर लहरीपणाचा शिक्का मारण्याआधी हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. शाळेत आठवड्यातून एकदा मिळणारी लोह व फॉलिक ॲसिडची निळी गोळी जेवणानंतर घेण्यास सांगावे; तिच्यामुळे शौचाचा रंग काळसर होतो, त्याला भिऊ नये. जेवणाला लागून चहा देऊ नये, कारण त्याने लोहाचे शोषण घटते.

3. वाद. मूल संतापले असताना केलेला युक्तिवाद वाया जातो, कारण ज्या केंद्राने तो ऐकावयाचा ते त्या क्षणी मागे पडलेले असते. ‘आपण दोघेही आत्ता रागात आहोत, अर्ध्या तासाने बोलू’ एवढे म्हणून थांबावे, आणि अर्ध्या तासाने खरोखरच बोलावे. पुढच्या बोलण्यात वर्तनावर बोट ठेवावे, स्वभावावर ठेवू नये.

4. अभ्यास. एकच धडा एका रात्री पाच वेळा वाचण्यापेक्षा पाच दिवस रोज थोडा आठवून पाहण्याने तो पक्का होतो, आणि शिकलेले पक्के होण्याच्या कामात झोपेचा मोठा वाटा असतो. दहावीच्या वर्षी झोप तोडून वाढविलेले तास म्हणूनच बहुधा तोट्याचे ठरतात.

5. साहसाला योग्य वाट. नावीन्याची आणि धोक्याची ओढ या वयात निसर्गतः वाढते. तिच्याशिवाय मुले घराबाहेर पडून स्वतंत्र झालीच नसती. ती दडपण्याऐवजी जाणत्या माणसांच्या देखरेखीखाली किल्ल्यांची भटकंती, कबड्डी, मल्लखांब, एकांकिका, ढोल-ताशा पथक अशा ठिकाणी तिला वाट द्यावी. मित्रांची संगत आणि उत्तेजना तेथेही मिळते, आणि सोबत शिस्तही मिळते.

शरीर पुढे गेले म्हणून मन पुढे गेले असे मानू नका

मुलींत यौवनारंभ सामान्यतः 8 ते 13 आणि मुलांत 9 ते 14 या वयांदरम्यान होतो. दहाव्या वर्षी पाळी सुरू झालेली मुलगी अंगाने मोठी दिसू लागते, आणि घरातील व बाहेरील माणसे तिच्याकडून मोठ्या वयाच्या समजुतीची अपेक्षा करू लागतात. पण तिची निर्णयशक्ती दहा वर्षांचीच असते. तिला खेळ, मैत्रिणी आणि बालपण यांचा हक्क पूर्वीइतकाच आहे. उलट, ज्या मुलाचा आवाज पंधराव्या वर्षीही फुटलेला नाही त्याला वर्गात हिणवले जाण्याची शक्यता असते, आणि त्याचे मन त्यामुळे पोळते.

बालरोगतज्ज्ञांना दाखवावे ते पुढील स्थितीत :
- मुलीत 8 वर्षांपूर्वी किंवा मुलात 9 वर्षांपूर्वी वयात येण्याची चिन्हे दिसू लागली तर;
- मुलीत 13व्या किंवा मुलात 14व्या वर्षापर्यंत एकही चिन्ह दिसले नाही तर.

शरीरातील बदलांची माहिती ते घडण्यापूर्वी द्यावी, आणि मुलींबरोबर मुलांनाही द्यावी. र. धों. कर्वे यांनी 1927 साली ‘समाजस्वास्थ्य’ काढून हा विषय मराठी वाचकांपुढे उघडपणे मांडला; त्याला जवळजवळ शतक लोटले, तरी आपल्या अनेक घरांत हे शिक्षण आजही मित्रांवर आणि मोबाइलवर सोपविलेले असते. स्वप्नावस्था, हस्तमैथुन, पाळी, आकर्षण या शब्दांचा उच्चार आई-वडिलांच्या तोंडून सहजपणे झाला, तर पुढे अडचणीच्या प्रसंगी मूल आधी घरी येते.

फसगतीच्या जागा

- बोटांच्या ठशांवरून बुद्धिमापन. डीएमआयटी या नावाने चालणाऱ्या या चाचणीला शास्त्रीय आधार नाही, असे भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने 2019 साली जाहीर केले आहे. तिच्या अहवालावरून शाखा निवडू नये.
- ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’. डोळ्यांवर पट्टी बांधून वाचून दाखविणारी मुले नाकाजवळच्या फटीतून पाहत असतात; अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी हे वेळोवेळी उघडकीस आणले आहे. येथे पैशापेक्षा मोठे नुकसान असे की मूल खोटे बोलण्यात तरबेज होते.
- बुद्धिवर्धक चूर्णे, गोळ्या व पेये. पुरेसे अन्न, झोप आणि व्यायाम मिळणाऱ्या निरोगी मुलाला त्यांची गरज नसते.
- तुलना. भावंडांच्या किंवा शेजारच्या मुलांच्या मेंदूची चाल निराळी असते. एकाच वयाची दोन मुले या काळात दोन निरनिराळ्या टप्प्यांवर असू शकतात.
- ‘संप्रेरकांमुळे होते’ म्हणून सर्व काही माफ करणे. मेंदू घडत आहे म्हणूनच नियमांची गरज अधिक असते. नियम थोडे असावेत, आधी सांगितलेले असावेत, आणि मोडल्यास होणारा परिणाम ठरल्याप्रमाणे व्हावा.
- ‘एकदा घेतली तर काय होते’. मद्य, निकोटीन आणि गांजा यांचा घडत्या मेंदूवरील परिणाम प्रौढापेक्षा अधिक खोल असतो, आणि लवकर सुरू झालेले व्यसन सोडणे अधिक कठीण जाते. ई-सिगारेटच्या विक्रीवर देशात 2019पासून कायद्याने बंदी आहे. ती निरुपद्रवी आहे ही समजूत खोटी आहे.

केव्हा थांबू नये

आयुष्यात उद्भवणाऱ्या मानसिक विकारांपैकी सुमारे निम्म्यांची सुरुवात चौदाव्या वर्षापर्यंत होते, असे 2005 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीत आढळले. म्हणून पुढील लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक टिकली, तर ‘वयच असे आहे’ हे उत्तर पुरेसे मानू नये :

- पूर्वी आवडणाऱ्या सर्वच गोष्टींतील रस जाणे, मित्रांनाही टाळणे;
- झोप किंवा भूक यांत मोठा बदल, वजन झपाट्याने उतरणे;
- गुणांत एकाएकी घसरण, शाळेत जाण्यास नकार.

स्वतःला इजा करणे, मरणाची भाषा बोलणे, किंवा कानांत आवाज येतात, कोणी पाळत ठेवते असे सांगणे, यांपैकी काहीही आढळले तर दोन आठवडेही वाट पाहू नये. ‘जीव द्यावा असे मनात येते का?’ असे मुलाला सरळ, मायेने विचारावे. विचारल्याने ती कल्पना मनात शिरत नाही. उलट बोलण्याची वाट मोकळी होते. होकार आला तर मुलाला एकटे सोडू नये, घरातील औषधे व कीटकनाशके कुलपात ठेवावीत, आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

मदतीची ठिकाणे :
- टेली-मानस, दूरध्वनी 14416. केंद्र शासनाची ही सेवा मोफत आहे, अहोरात्र चालते आणि मराठीतून बोलता येते.
- ‘मैत्री’ क्लिनिक. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाखाली 10 ते 19 वयाच्या मुलामुलींसाठी शासकीय रुग्णालयांत चालणारे हे केंद्र. आपल्या भागातील केंद्राची चौकशी आशाताईंकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात करावी.
- बालकांसाठीची मदतवाहिनी 1098. छळ, हिंसा किंवा घर सोडून जाण्याच्या प्रसंगी.

कायद्याने दिलेले हक्क आणि लादलेली जबाबदारी

- उपचार. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 अन्वये शासकीय सेवेतून मानसिक उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क आहे, आणि विमा कंपन्यांनी शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांसाठी संरक्षण दिले पाहिजे. अल्पवयीन मुलाला रुग्णालयात ठेवणे अपरिहार्य झाले, तर त्याची सोय प्रौढ रुग्णांपासून निराळी हवी आणि त्याच्याजवळ घरचे माणूस राहू दिले पाहिजे.
- शाळा. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 17 प्रमाणे शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना मनाई आहे. तक्रार लेखी द्यावी आणि पोच घ्यावी.
- परीक्षा. अध्ययन-अक्षमतेचे अधिकृत प्रमाणपत्र असलेल्या विद्यार्थ्यास दहावी-बारावीला जादा वेळ व इतर सवलती मिळतात. हे प्रमाणपत्र मिळविण्यास अवधी लागतो. आठवी-नववीतच अर्ज करावा.
- लैंगिक अत्याचार. पॉक्सो कायदा, 2012 अठरा वर्षांखालील प्रत्येक मुलाला, मुलगा असो वा मुलगी, लागू आहे, आणि अत्याचाराची माहिती असणाऱ्याने पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. मुलाची जबानी त्याच्या घरी घेतली जाऊ शकते, रात्री त्याला पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही, आणि त्याचे नाव प्रसिद्ध करणे गुन्हा आहे. अठरा वर्षांखालील व्यक्तीची संमती हा कायदा मानत नाही, ही गोष्ट सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना स्पष्ट शब्दांत सांगितली पाहिजे.
- वाहन. मोटार वाहन कायद्यात 2019 साली घातलेल्या कलम 199अ प्रमाणे अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व 25,000 रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते, आणि मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही.
- नशा. मुलाला मद्य किंवा तंबाखू देणाऱ्यास बाल न्याय कायदा, 2015 अन्वये सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. शाळेजवळ असा विक्रेता असेल तर मुख्याध्यापक व पालक यांनी मिळून तक्रार करावी.

हे सारे एकाच वेळी अमलात आणण्याचा अट्टहास करू नये. या आठवड्यात झोपेची वेळ आणि फोनची जागा ठरवावी. पुढच्या आठवड्यात, मन शांत असताना, कोणते निर्णय मुलाच्या हाती द्यावयाचे याची यादी त्याला बरोबर घेऊन करावी. आणि दर सहा महिन्यांनी ती यादी काढून आणखी एक निर्णय त्याच्याकडे सोपवावा. ज्या क्षमतेचा वापर होतो तीच दृढ होते, हा मेंदूचा नियम निर्णय घेण्याच्या क्षमतेलाही लागू आहे. पालकहो, मुलांना चुकण्याची संधी द्या. मात्र चूक सुधारता येईल अशा ठिकाणीच द्या.